अकरा महिन्यांचा कागद

राजुरीहून आळेफाट्याकडे निघालं की महामार्गाच्या कडेला ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या दिसायला लागतात. कुठे दुकानाच्या मागे चार खोल्यांची ओळ, कुठे जुन्या घरावर चढवलेला मजला, कुठे नुसतेच कॉलम उभे. फाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. बँकेत बदलून आलेले, शिक्षक, दवाखान्यातल्या नर्स, ट्रान्सपोर्टवाले, असे सगळे जागा शोधत असतात. पलीकडे बेल्ह्याच्या बाजूला कॉलेजची मुलं. ज्याची रस्त्याला लागून थोडी जागा आहे, त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालू असतो: कांद्याच्या भावाचा भरवसा नाही, खोल्या बांधू, महिन्याच्या महिन्याला भाडं येईल.

मग पहिला भाडेकरू येतो आणि कागदाचा विषय निघतो. “अकरा महिन्यांचा करू.” अकराच का, असं विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: वर्ष झालं की भाडेकरूचा हक्क लागतो. कुणी त्यात भर घालतं की बारा वर्षं राहिला तर घरच त्याचं.

दोन्ही उत्तरं चूक आहेत, पण ती हवेतून आलेली नाहीत. त्यांच्यामागे मुंबईतलं शंभर वर्षांचं भांडण आहे. आणि गंमत अशी की त्या भांडणात जुन्नर-आंबेगावची माणसं भाडेकरूच्या बाजूला होती. आज जो नातू भाडेकरूला घाबरतो, त्याचा आजा मुंबईत भाडेकरूच होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत गिरण्या वाढल्या तेव्हा घाटावरून खाली उतरलेल्यांत जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळची पुष्कळ माणसं होती. कुणी गिरणीत लागला, कुणी गोदीत, कुणी भाजीच्या बाजारात. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचं काम सुरू केलं. आजही डबेवाले म्हटलं की याच तालुक्यांची नावं पुढे येतात.

या माणसांची मुंबईतली जागा म्हणजे बहुतेकदा गावाच्या नावाने ओळखली जाणारी एक खोली. तिच्यात दहा-बारा जण, कधी त्याहून जास्त. दिवसपाळीवाला परतला की रात्रपाळीवाला बाहेर पडायचा आणि त्याच जागेवर दुसरी वळकटी उलगडायची. भिंतीला ट्रंका, जेवण खानावळीत, भाडं डोईप्रमाणे वाटून. पण भाडेपावती मात्र एकाच्याच नावावर. ही पावती लक्षात ठेवा, पुढे तिला सोन्याचा भाव येतो.

मालकाची गाठ सहसा पडायचीच नाही. भाडं वसूल करायला त्याचा मेहता यायचा. पावतीवाला भाडेकरू आत पोटभाडेकरू ठेवायचा आणि पोटभाडेकरू आपल्या मेव्हण्याला आणायचा. म्हणजे भाड्याने देणं हा धंदा फक्त शेठचा नव्हता. एका खोलीच्या आतसुद्धा छोटे छोटे मालक होते.

१८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला आणि या दाटीकडे सरकारचं लक्ष गेलं. १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने गलिच्छ वस्त्या पाडल्या, रस्ते काढले, चाळीही बांधल्या. त्या बी.आय.टी. चाळी. पुढे पहिल्या महायुद्धात महागाई भडकली, गिरण्यांना काम वाढलं, माणसं लोटली आणि मालकांनी भाडी चढवली. तेव्हा १९१८ साली मुंबई सरकारने भाडेवाढीला लगाम घालणारा कायदा केला. युद्धापुरता म्हणून.

त्यानंतर सरकार स्वतःच घरमालक झालं. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक मजल्यावर खोल्यांच्या रांगा, खोली साधारण १६० चौरस फूट. मुंबईत जागेची एवढी ओढाताण असताना या खोल्यांवर उड्या पडायला हव्या होत्या. पण पुष्कळ खोल्या बरीच वर्षं रिकाम्या पडून राहिल्या. भाडं कामगाराच्या पगाराला जड होतं आणि वरळी तेव्हा आडबाजूला होती. पहाटेच्या भोंग्याला गिरणीच्या दारात उभं राहायचं असणाऱ्याला पक्क्या भिंतींपेक्षा जवळची कोंदट खोली परवडायची.

नव्या घरमालकाने हा प्रसंग नीट वाचावा असं मला वाटतं. सरकारकडे पैसा होता, जमीन होती, इंजिनिअर होते. राहणारा सकाळी किती वाजता कुठे जातो आणि त्याच्या खिशात काय असतं, हे मात्र कमी विचारलं गेलं. आपल्याकडेही फाट्यापासून दोन-तीन किलोमीटर आत, शेतात, झकपक टाइल्स लावून बांधलेल्या खोल्या रिकाम्या राहू शकतात. बांधकामाला किती खर्च आला यावर भाडं ठरत नाही. राहणाऱ्याला जवळपास दुसरं काय मिळतंय, त्यावर ते ठरतं.

आता १९४७. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, फाळणीने घरदार सुटलेली माणसं मुंबईत येत होती, आणि जागा नव्हत्या. त्या वर्षी केलेल्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाड्याची पातळी १ सप्टेंबर १९४० ला जी होती, ढोबळमानाने तिथेच ती बांधून टाकली. भाडेकरू ठरलेलं भाडं देत असेल तर कायद्यातल्या कारणांशिवाय त्याला काढता येणार नव्हतं. तो वारला तर बरोबर राहणाऱ्या कुटुंबाकडे हक्क जायचा.

तेव्हा हे करणं भाग होतं, याबद्दल मला शंका नाही. तो कायदा नसता तर गिरणगावातली निम्मी कुटुंबं रस्त्यावर आली असती. पण तोही तात्पुरताच कायदा होता आणि त्याची मुदत पुनःपुन्हा वाढवली गेली. डाळ, सिमेंट, गवंड्याची मजुरी, सगळं वाढत गेलं. भाडं मात्र १९४० च्या आसपासच राहिलं. समजा, खोलीचं भाडं १५ रुपये आहे. सत्तरच्या दशकात मालकाने गळकं छत दुरुस्त करायचं तर पूर्ण चाळीच्या वर्षभराच्या भाड्यातही भागत नव्हतं. मग त्याने छताकडे बघायचंच सोडून दिलं. भाडेकरू म्हणाला, घर मालकाचं, मी कशाला खर्च करू? मालक म्हणाला, राहतोस तू, मला काय मिळतं? पाणी दोघांच्या भांडणाची वाट न पाहता भिंतीत मुरत राहिलं.

आणि ती पावती. भाडं नाममात्र, पण जागा मोक्याची, म्हणून पावतीलाच किंमत आली. एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे खोली जाताना रोख रक्कम हातात पडायची, तिच्यातला काही हिस्सा मालक घ्यायचा, साधारण एक तृतीयांश. हीच पागडी. कायद्याने तेव्हा तो गुन्हा होता, व्यवहारात तो रिवाज होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या तेव्हा गावी परतलेल्या कित्येकांच्या हाती उरलेली एकमेव मालमत्ता म्हणजे दुसऱ्याच्या घरातल्या एका खोलीची पावती. घाटावरची किती घरं, किती विहिरी, किती लग्नं त्या पावतीवर उभी राहिली याची नोंद कुठल्या सातबाऱ्यावर सापडणार नाही.

मालकांनी मग पळवाट शोधली. तिचा उगम १८८२ मध्ये आहे. त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेपट्टा आहे: त्यात जागेतला काही हक्क राहणाऱ्याकडे जातो. सुविधाधिकार कायद्यात परवाना आहे: त्यात हक्क जात नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते. पाहुण्याला ओटीवर झोपू देण्यासारखं. मालक म्हणू लागले, आम्ही भाड्याने देतच नाही, परवान्याने देतो. ‘लिव्ह अँड लायसन्स’ हा शब्द असा रुळला. राहणारा तोच, पैसे तेच, कागदावरचं नाव वेगळं.

सरकारला ही चलाखी कळत होती. १९७३ मध्ये दुरुस्ती झाली: १ फेब्रुवारी १९७३ ला जे परवान्यावर राहत होते ते संरक्षित भाडेकरू मानले जातील. म्हणजे ओटीवर झोपायला दिलेला पाहुणा एका सकाळी घरचा झाला. मुंबई-पुण्याच्या घरमालकांच्या मनात जी भीती बसली ती या तारखेची आहे. अनेकांनी ठरवलं, फ्लॅट कुलूप लावून ठेवू, पण देणार नाही. शहरात माणसांना घरं नाहीत आणि घरांत माणसं नाहीत, अशी अवस्था आली. ‘भाडेकरूचा हक्क लागतो’ हे वाक्य तिथून निघालं आणि कायदा बदलल्यावरही घाट चढून आपल्यापर्यंत पोचलं.

मोडकळीला आलेल्या इमारतींचं काय झालं, तेही थोडक्यात पाहू. मालक दुरुस्ती करत नाही म्हणून १९६९ च्या कायद्याने मुंबईत उपकर लावून सरकारी मंडळाने दुरुस्ती करायची व्यवस्था झाली. १९८६ मध्ये आणखी पुढचं पाऊल पडलं: ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर अशी इमारत महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट रकमेत ताब्यात घेता येईल. १५ रुपयांच्या शंभर पट म्हणजे १,५०० रुपये. मालकांची संघटना कोर्टात गेली. तो वाद १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही आपोआप समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. चाळीच्या भाड्यावरून सुरू झालेलं भांडण राज्यघटनेच्या कलम ३९ च्या अर्थापर्यंत गेलं. बत्तीस वर्षांत किती मालक आणि किती भाडेकरू वारले असतील!

गोठलेल्या भाड्याचा प्रश्न त्याआधीच निकाली निघाला होता. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मळपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सांगितलं की भाडं १९४० लाच बांधून ठेवणं आता मनमानी झालं आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आज तुमच्या हातात येणारा कागद या कायद्याचं अपत्य आहे, म्हणून त्यात काय आहे ते नीट पाहू.

पहिली गोष्ट, अकरा महिने. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. नोंदणी टाळायची म्हणून लोक एक महिना कमी लिहायचे. एवढंच त्या अकराचं रहस्य. पण १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा असं सांगितलं, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे जो घरमालक स्टॅम्पपेपरवर अकरा महिने लिहून, नोटरीचा शिक्का मारून निर्धास्त झोपतो, त्याने स्वतःची बाजू लंगडी केलेली असते. ज्या भीतीने अकरा लिहिले, तीच भीती खरी करून घ्यायची ही पद्धत!

खर्चाचं निमित्तही टिकत नाही. भाडं महिन्याला १०,००० आणि परत करायचं डिपॉझिट ५०,००० असेल तर अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्क्याने तीनशे रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी ग्रामीण भागात ५००, शहरी भागात १,०००. ऑनलाइन नोंदणी होते, अंगठा आणि आधार लागतो.

दुसरी गोष्ट, जागा परत मिळणं. राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपूनही कुणी जागा सोडत नसेल तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि त्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. दिवाणी कोर्टाच्या तारखांपेक्षा हा रस्ता जवळचा आहे. मात्र त्या दाराशी जाताना हातात नोंदवलेला करारच लागतो. आणि बारा वर्षांचं म्हणाल, तर ती गोष्ट मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे कब्जा करणाऱ्याची आहे. जो तुमच्या परवानगीने राहतो, दरमहा भाडं देतो, त्याचा कब्जा विरोधी नसतोच.

तिसरी गोष्ट मालकांना फारशी सांगितली जात नाही. भाडेकरूशी बिनसलं म्हणून वीज तोडायची, पाण्याचा कॉक बंद करायचा, असं केलं तर या कायद्याप्रमाणे मालकच अडचणीत येतो. दुरुस्तीची जबाबदारीही कायद्याने मालकावर ठेवली आहे. आणि हा कायदा परिशिष्टांत दिलेल्या भागांना लागू होतो, तेव्हा खेड्यात खोल्या बांधणाऱ्याने आपलं गाव त्यात बसतं का, हे जुन्नरच्या एखाद्या वकिलाला आधी विचारून घ्यावं. लागू नसला तरी नोंदवलेला कागद कुणाचं नुकसान करत नाही.

हे सगळं मुंबईचं, आपल्याला काय, असं वाटेल. पण भूमिकांची अदलाबदल आपल्याच रस्त्यावर झाली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी, पुढे चाकणला गाड्यांचे कारखाने. भोसरी, मोशी, चाकण, या पुणे-नाशिक रस्त्यावरच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी उरलेल्या जागेत खोल्यांच्या चाळी बांधल्या. तिथे मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहारची मुलं राहिली, पाळीपाळीने झोपणारी, डबा लावणारी. गिरणगावातली खोलीच ती, फक्त पत्र्याची. जुन्नरची पोरं त्याच चाळींत राहून नोकऱ्या करत आली आणि आता गावाकडे तशाच खोल्या बांधायला निघाली आहेत.

तर खोल्या बांधायच्या असतील तर पैशाचा हिशेब आधी. समजा, स्वतःच्या जागेवर २० लाखांत चार खोल्या झाल्या, प्रत्येकी ३,००० भाडं. वर्षाचे १,४४,००० झाले. वरवर ७ टक्क्यांच्या पुढे. पण प्रत्येक खोली वर्षात एखादा महिना रिकामी राहणार, म्हणजे १२,००० गेले. घरपट्टी, मोटारीचं बिल, शौचालयाची टाकी उपसणं, रंग, तुटलेल्या कड्या, यांचे २४,००० धरा. हातात १,०८,००० राहिले, म्हणजे ५.४ टक्के, आणि जमिनीची किंमत यात धरलेलीच नाही. हे बांधकाम नऊ टक्क्यांच्या कर्जावर केलं असेल तर भाडं हप्त्याला पुरणार नाही, दुधाच्या पैशातून भर घालावी लागेल. जागा बिनशेती नसेल तर बँक दारातही उभं करत नाही, ती गोष्ट वेगळीच.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, उषवदाताचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेवले: २,००० महिना एक टक्क्याने, १,००० पाऊण टक्क्याने. मूळ रक्कम कधीच हलवायची नाही, भिक्षूंचा खर्च फक्त व्याजातून. व्याजावर जगण्याची कल्पना आपल्या मुलखात इतकी जुनी आहे. पण घर हे तसं मूळधन नव्हे. श्रेणीकडे ठेवलेलं नाणं गळत नाही, छत गळतं. भाड्यातला काही भाग हा खरं म्हणजे झिजत चाललेल्या भिंतींचा मोबदला असतो. तो दुरुस्तीसाठी बाजूला न काढता खाल्ला तर आपण मुद्दलच खात असतो. मुंबईच्या चाळींत हेच झालं, तिथे कायद्याने झालं, इथे हयगयीने होईल.

भाडं वाढवण्याबद्दलही तोच धडा. वर्षानुवर्षं ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून भाडं तेवढंच ठेवायचं आणि एक दिवस एकदम दीडपट मागायचं, हे गावाकडे सर्रास चालतं. त्यातून भांडणं होतात. दरवर्षी किती टक्के वाढ, हे पहिल्याच दिवशी करारात लिहून टाका. आणि भाडं रोख घेत असलात तरी पावती द्या. मामाचा मुलगा असला तरी द्या.

मग प्रश्न येतो, खोली द्यायची कुणाला. इथे चौकशी पगाराची व्हायला हवी, ओळखपत्राची व्हायला हवी, आधीच्या मालकाला एक फोन व्हायला हवा. होते मात्र आडनावाची, धर्माची, ताटात काय असतं याची. १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना कुणी जागा दिली नाही. पारशी सरायीत पारशी नाव घेऊन राहावं लागलं, आणि ते कळल्यावर काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. याच माणसाने परळच्या बी.आय.टी. चाळीत वीसेक वर्षं भाड्याने काढली. आपल्या पट्ट्यातल्या ज्या पोरांना पुण्यात ‘बॅचलर नको’, ‘गावाकडचे नको’ ऐकावं लागलं, त्यांनीच फाट्यावरच्या नर्सला किंवा पोल्ट्रीवर कामाला आलेल्या ओडिशाच्या जोडप्याला परत पाठवावं, याचा मला राग येतो. आणि धंद्याच्या हिशेबानेही ते महाग पडतं, कारण खोली तेवढे महिने रिकामी राहते.

राहिलं डिपॉझिट. सगळ्यात जास्त कटकट त्यावरून होते. ते पैसे आले की लगेच वरच्या मजल्याच्या सळईत घातले जातात, आणि भाडेकरू निघताना मालक नव्या भाडेकरूची वाट बघत त्याला आठवडाआठवडा फिरवतो. ती रक्कम तुमची नाही, ठेव आहे. वेगळ्या खात्यात टाका. खोली देताना भिंती, नळ, पंखे, मीटरचं रीडिंग यांचे फोटो दोघांनी मिळून मोबाइलवर काढा आणि एकमेकांना पाठवा. जाताना तेच फोटो उघडा, मोडतोड असेल तेवढी वजा करा, बाकीचे पैसे चावी हातात पडल्याच्या दिवशी द्या. गावात पुढचा भाडेकरू पाटी वाचून कमी आणि आधीच्याला विचारून जास्त येतो.